सोमवारची पुडी

कळंबा
ता. १२ जानेवारी २०२५, रविवार

शांभवीस,

हे बसव्वा आज्जीचं पत्र हाय. आशीर्वादाचं शेवटाला बघू, द्यावासा वाटला तर.

दिवाळीपास्नं तू फोन उचलत न्हाईस. फोन वाजू देता येतो. कागद मात्र फाडायच्या आधी एकदा तरी नजरंखालनं जातोय. म्हणून तिसरी शिकलेल्या बाईनं पेन धरलंय. अक्षराला हसायचं असलं तर हास, मी काय तिथं बघायला न्हाय.

तुझा पुण्याच्या लॅबातला कागद पोचला. तुझ्या बापानं वाचला, चार तुकडे केले आणि अंघोळीच्या चुलीत घातले. काय लिवलंय म्हणून मी विचारलं. माझा प्रभुलिंग म्हणला, तुझी नात म्हणतीया आपल्या पुडीत स्टेरॉइड हाय. दिवाळीला पाया पडायला आलीस, जाताना डब्यातल्या चार पुड्या उचलून नेल्यास आणि मशीनमध्ये घातल्यास. आमच्याकडं ह्याला चोरी म्हणत्यात. तुमच्याकडं संशोधन म्हणत असतील.

पुडी म्हणजे काय ते तुला नव्यानं सांगतो, एवढ्या शिक्षणात तेवढं राहून गेलेलं दिसतंय. माझ्या सासूच्या सासूपास्नं ह्या घरातनं सांधेदुखीची पुडी जाती. निर्गुंडी, सुंठ, गुळवेल आणि एक मुळी, जिचं नाव मी तुला सांगणार न्हाय. सोमवारी अंघोळ, लिंगपूजा, मग उपाशी पोटी घराच्या म्होरल्या सोप्यात बसायचं. एकेकाला सात दिवसांच्या सात पुड्या. घेणाऱ्यानं विचारायचं न्हाय, देणाऱ्यानं बोलायचं न्हाय. बोललं की औषध मरतं. कुणाकडनं काय घ्यायचं न्हाय. कुणी नारळ आणलाच तर तिथंच फोडून वाटायचा. एक्केचाळीस घरची माणसं येत्यात. गारगोटीकडची हायत, कोडोलीची हायत, निपाणीच्या पल्याडची कन्नड बोलणारी हायत.

दिवाळीतल्या अशा सोमवारी, भरल्या रांगेसमोर तू तोंड उघडलंस. शेजारच्या आक्काच्या गालाला बोट लावलंस आणि म्हणालीस, ही सूज औषधाची हाय. जिच्या परड्यातले पेरू चोरून खात तू वाढलीस त्या आक्काला. माझ्या सासूनं मरताना सुद्धा सोमवारी तोंड उघडलं न्हवतं.

म्हणून मी तुझी पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली. फेकली न्हाय. फेकली असं तू तुझ्या आईला सांगितलंस, ते खोटं हाय.

आणि पुडीत पांढरं काय बी न्हाय. कुटणारी मी, मला म्हायत नसंल व्हय? मी सोता तर एक पुडी बी कवा खाल्ली न्हाय. माझे गुडघे जात्याच घट्ट हायत.

आज्जी


ता. २६ जानेवारी, रविवार

शांभवी,

उत्तर न्हाय. बरं. मी बी काय उत्तरासाठी अडून बसलेलो न्हाय.

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिवली, ती दुरुस्त करतो. पांढरं व्हतं.

आठ वर्षांमागं तुझा बाप एक डबा घेऊन आला. म्हणला, आई, हे भस्म हाय, एका वैद्याकडनं आणलंय, पुडीत चिमूटभर घालायचं. भस्म रुपेरी पाकिटात येत न्हाय एवढं मला कळतंय. तो पाकिटातनं गोळ्या काढून खलबत्त्यात कुटायचा आणि रिकामी पाकिटं मी चुलीत घालायचो. आपल्या अंघोळीच्या पाण्याला आठ वर्सं प्लॅस्टिकचा वास येतोय, आणि ह्या घरात कुणी कुणाला विचारलं न्हाय कशाचा म्हणून. तू बी त्याच पाण्यानं अंघोळ करून कालेजात गेलीस.

प्रभुलिंगाला दूध संस्थेचा चेअरमन व्हायचं व्हतं. पूर्वी आपल्या पुडीनं कुणाला गुण यायचा, कुणाला न्हाय. नऊ घरं यायची. भस्म पडल्यावर तिसऱ्या दिवशी माणसं काठी टाकून चालायला लागली. एका वर्षात एक्केचाळीस घरं झाली, आणि एक्केचाळीस घरं म्हंजे संस्थेच्या निवडणुकीत काय असतंय ते तुला सांगायला नको. मी बघत व्हतो. देणाऱ्यानं बोलायचं न्हाय, हा नेम मला सोयीचा पडला.

आता ऐक. वीस तारखेच्या सोमवारी तुझा बाप संस्थेत गेलता. मी तो डबा उचलला, उकिरड्यात पालथा केला आणि वरनं शेण ओढलं. सगळा. त्या दिवशी सासूच्या हातची होती तशी निव्वळ पुडी दिली. उद्या बी तीच देणार. तुझ्या कागदाला भिऊन न्हाय, माझ्या मनानं. कुणाला सांगितलं न्हाय. सांगायचंच नसतंय.

डबा पालथा करताना तुझी रांगोळी आठवली. दिवाळीच्या पहिल्या दिवशी तू अंगणात उरलेल्या रांगोळीनं मला गोल काढून दाखवलतंस. म्हणालीस, आज्जी, रक्तात राखणदार असत्यात, बाहेरचा रोग आला की त्याच्या अंगावर जात्यात. कवा कवा ते येडे होत्यात आणि घरच्याच माणसाला बडवत्यात. सांधे सुजत्यात ते त्यामुळं. मग त्यांना गप्प बसवायला अंगातच एक हुकूम तयार होतो, मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथीत, रोज सकाळी. त्याला तू हार्मोन म्हणालीस. आणि प्रत्येक राखणदाराच्या आत तो हुकूम ऐकायला एक जागा असती, ती रिसेप्टर. मी म्हणलं, म्हंजे कान. तू हसलीस आणि म्हणालीस, व्हय आज्जी, कानच. गोळी त्याच हुकमाची नक्कल करती, कानाला फरक कळत न्हाय.

आता नक्कल बंद. ज्याचा त्याचा हुकूम ज्याच्या त्याच्या कानात जाऊ दे. झालं तुझ्या मनासारखं?

आक्काला गुरवारपास्नं बरं न्हाय. काय खाल्लेलं ठरत न्हाय. थंडी बाधली असंल.

आज्जी


ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

शांभवी,

काल आक्का सोप्यातच पडली.

रांगेत उभी व्हती. सत्तावीस तारखेपास्नंच लोक कुरकुरायला लागलेत, कुणाची बोटं परत सुजली, कुणाला सकाळी उठवंना. नेम म्हणून तोंडानं कुणी बोललं न्हाय, पण सुजलेले हात माझ्यासमोर धरत व्हते. आक्काचा नंबर आला. तिनं पदर पसरला आणि तशीच खाली बसली, मग आडवी झाली. अंग गार, ओठ पांढरे. मी पाणी लावलं तर डोळं उघडंना.

प्रभुलिंगानं गाडी काढली. सरकारी दवाखान्यात तुझ्याच वयाची एक डॉक्टरीण व्हती, प्रियदर्शनी नावाची. ब्लड प्रेशर लागंना म्हणाली. आक्काचा गोल चेहरा बघितला, दंडावरची कागदासारखी कातडी बघितली, आणि विचारलं, "ह्या कुठली गोळी घेत होत्या का? अलीकडे एकदम बंद केलीय का?"

तुझा बाप म्हणला, "न्हाय डॉक्टर. झाडपाल्याची पुडी घेत्यात, बाकी काय न्हाय."

मी बाजूलाच उभी व्हतो. बोललो न्हाय. खोटं तर मी बोललो न्हाय, असं मनाशी म्हणत बाहेर बाकड्यावर येऊन बसलो.

तिथं मला गारगोटीची म्हैस आठवली. तू लहान व्हतीस, तुला आठवणार न्हाय. तुझ्या आजोबांनी बाजारातनं आणलेली, दिसायला देखणी, पण आधीच्या मालकानं तिला पान्ह्याच्या सुईची सवय लावलेली. सुई टोचली की दूध, न्हायतर थेंब न्हाय. आजोबांना राग आला. पहिल्याच दिवशी सुई फेकून दिली, म्हणले, आपल्या दारात हे चालणार न्हाय. म्हशीची कास दगडासारखी झाली, लाथा झाडून दोरी तोडली, तिसऱ्या दिवशी ताप. तवा मीच आजोबांना शिव्या घातल्या. एवढी वर्सं तिच्या अंगानं काम सोडलंय, तुम्ही एका दिवसात कसं मागताय? मग सुई परत आणली आणि रोज थोडी थोडी कमी केली. रेडकू पुढ्यात बांधलं, कास कोमट पाण्यानं शेकली. दीड महिन्यानं ती माझ्या हाताला सुटली.

चाळीस वर्सं म्हशींच्यात काढलेली बाई मी. आणि माणसाच्या बाबतीत मी तेच केलं जे आजोबांनी म्हशीच्या बाबतीत केलतं. मला डबा पालथा केल्याचा अभिमान वाटत व्हता, शांभवी. तुला ठेंगा दाखवायला केलं की खरंच चांगलं करायला केलं, ते आता विचारू नको.

उठलो आणि आत गेलो. डॉक्टरणीला सगळं सांगितलं. आठ वर्सं गोळी, वीस तारखेला बंद, मीच केली. प्रभुलिंग माझा दंड धरत व्हता, मी झटकला. ती पोरगी माझ्यावर वरडली न्हाय. नर्सला हाक मारली, शिरेतनं सुई दिली, बाटली लावली. मग मला म्हणाली, बाहेरून इतकी वर्षं मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, एकदम काढलं तर आतलं जागं व्हायला महिने लागतात, तोवर माणूस जाऊ शकतो. मी म्हणलं, व्हय, म्हशीसारखं. ती म्हणाली, म्हशीचं मला माहीत नाही.

सांजच्याला आक्का उठून बसली आणि कडक च्या मागितला. पहिलं वाक्य काय बोलली असंल? "बसव्वा, आजची पुडी दिली न्हाईस तू मला."

डॉक्टरणीनं विचारलं, "आज्जी, असे अजून किती आहेत?"

मी म्हणलं, एक्केचाळीस घरं.

तिनं माझं तोंड निरखून बघितलं. तुमचाही चेहरा गोल आहे, म्हणाली. मी म्हणलं, आमच्या घराण्यात सगळ्यांचाच हाय. तू विचारशील, मग आज्जी कशी पडली न्हाय. विचारू नको.


ता. ११ फेब्रुवारी, मंगळवार

शांभवी,

काल सोमवार व्हता. सांगायसारखं हाय म्हणून लिवतो.

आठवडाभर प्रभुलिंग घरात वाघासारखा फिरला. सगळ्यांना गुपचूप पुन्हा पांढरं घालून देऊ, म्हणला, कुणाला काय कळणार न्हाय, आणि माणसं पण वाचतील. त्याचं बोलणं पटावं असंच व्हतं. मी डॉक्टरणीला विचारायला परत गेलो. ती म्हणाली, गोळी त्यांना आता लागणारच, पण प्रत्येकाला वेगळी, मोजून, आणि हळूहळू उतरवत. चिमटीनं देऊन चालणार नाही, साखर वाढलीय का, हाडं ठिसूळ झालीत का, ते बघायला लागेल. सगळ्यांना पाठवा. आणि पाठवायचं म्हंजे सांगायला लागणार.

सकाळी अंघोळ केली, पूजा केली, सोप्यात बसलो. तुझा बाप कानाशी आला आणि म्हणला, "आई, पुडी देताना तोंड उघडलंस तर औषध मरतंय. तूच शिकवलंयस."

"मरू दे," मी म्हणलं.

मग रांगेकडं बघून बोललो. आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी पुडीच्या वेळी बोललो. पुडीत आठ वर्सं काय व्हतं ते सांगितलं. वीस तारखेला मी ते काढलं आणि तुम्हाला सांगितलं न्हाय, त्यामुळं तुम्ही आजारी पडलाय, हे सांगितलं. आक्का बाजूला खुर्चीत बसवलेली, ती म्हणाली, व्हय, मी मेलेली व्हतो. थोडं वाढवूनच सांगायची तिला सवय हाय.

मग गारगोटीकडचा कृष्णात, पूर्वी कुस्ती खेळायचा, सात वर्सं आपली पुडी खातोय, तो पुढं आला. सरळ माझ्यासमोर बसला.

"म्हातारे," म्हणला, "आम्ही सगळे पडाय लागलोय. तुझ्याच घरात तू एकटी टुणटुणीत कशी? तू बी खात व्हतीस की. तुझ्या गालावर दिसतंय."

शांभवी, आता ते लिवतो जे लिवायचं न्हवतं.

डबा मी सगळा पालथा केला न्हवता. एक मूठ काढून विभूतीच्या डबीत ठेवली व्हती. पांढऱ्यात पांढरं, कुणाला दिसत न्हाय. सकाळी कपाळाला विभूती लावताना मागच्या कप्प्यातली चिमूट जिभंवर टाकत व्हतो. मी बसलो तर धारा कोण काढणार, असं मनाला सांगत व्हतो. सगळ्यांचं बंद केलं आणि माझं चालू ठेवलं. आणि तुला पत्रात बढाई मारली.

उठलो, देवघरातनं डबी आणली आणि कृष्णाताच्या हातात दिली. म्हणलं, उघड. त्यानं उघडली, बोट लावून चव घेतली. कडू लागली. बाकीच्यांना डबी दाखवली. निपाणीपल्याडच्या एका बाईनं कन्नडमधनं मला जे म्हणलं ते मी तुला लिवणार न्हाय, पण चूक न्हवतं. कुणीतरी नारळ भिंतीवर आपटला. कृष्णात म्हणला, "मग आता मी उठायचं कसं?" शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मी म्हणलं, हळूहळू. डॉक्टरणीनं गुरवारची वेळ दिलीया, मी सोबत येतो. पहिला नंबर माझा, डबीसकट. गुरवारी तिच्याम्होरं माझं नाव बी लिवायचं, बेचाळिसावं.

एकोणतीस जण तयार झाले. बारा जण उठून गेले. प्रभुलिंग दुपारी जेवला न्हाय. त्याला वाटतंय मी त्याला उघड्यावर आणलं. मी म्हणलं, उघड्यावर मी बी हाय की, दोघांना जागा पुरंल.


ता. ३ मार्च, सोमवार

शांभवी,

बारा घरांतल्या नवांकडं जाऊन आलो. दोघांनी दार लावून घेतलं, तर मी दाराबाहेर बसून मोठ्यानं सांगितलं, गल्लीला बी कळलं. एकानं कुत्रं सोडलं. कुत्रं चांगलं व्हतं, मालकापेक्षा. राहिलेली तीन घरं निपाणीच्या पल्याड हायत, गुरवारी एसटीनं जाणार. त्यांना रिसेप्टर कसं सांगायचं ह्याचा विचार करत व्हतो. किवी म्हणणार. कन्नडमध्ये कानाला किवी म्हणत्यात. आत कान हायत, त्यांना आठ वर्सं नकली हुकूम ऐकायची सवय लागलीया, खरा हुकूम उठंपर्यंत दम धरा. समजंल. न समजून जातंय कुठं.

डॉक्टरणीनं वर कळवलं, मग औषध खात्याचा साहेब येऊन गेला. खलबत्ता, डबा, सगळं घेऊन गेला. मुळीचं नाव विचारलं. ते सांगायला मी बांधील न्हाय, म्हणलं. तो म्हणला, आज्जी, केस होईल. मी म्हणलं, होऊ दे, नाव लिवा, बसव्वा, आणि पोरानं गोळ्या कुटल्या आणि मी पाकिटं जाळली, दोघांचं बी लिवा. तुझ्या बापानं संस्थेच्या निवडणुकीचा अर्ज मागं घेतला. माझ्याशी बोलत न्हाय. पण परवा माझ्या गोळीचं पाकीट ताटाशेजारी ठेवून गेला, किती घ्यायची त्याचा आकडा वर पेनानं लिवून. मी तेवढीच गिळली.

माझं डॉक्टरणीनं चौथाई कमी केलंय. गुडघे पुन्हा सुजल्यात. धारेला खाली बसता येत न्हाय, स्टुलावर बसतो तर म्हैस मागं वळून बघती, ही कोण म्हणून. पहाटे हात वळत न्हाईत, हे पत्र लिवायला तीन दिवस लागले. डॉक्टरीण म्हणती, आतलं जागं व्हायला वरीस लागंल, तुमच्या वयात कदाचित पुरतं होणार बी नाही. मी म्हणलं, ते आणि मी बघून घेतो.

अजून बी सोमवारी लोक येत्यात. पुडी न्हाय, तरी येत्यात. कोणाची किती उतरली, कोणाला चक्कर आली, ते सोप्यात बसून एकमेकांना सांगत्यात. आक्का सगळ्यांत जास्त बोलती. कृष्णात माझ्याशी अजून नीट बोलत न्हाय, पण येताना माझ्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आला. कुणाकडनं काय घ्यायचं न्हाय हा नेम हाय. मी घेतली.

तुझी माफी मी मागणार न्हाय. तू पुड्या चोरल्यास ती चोरीच व्हती, आणि भरल्या सोप्यात आक्काच्या गालाला बोट लावायचं तुला काय कारण न्हवतं. मला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं व्हतंस. मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

तुझ्या लॅबला सुट्टी कवा असती म्हायत न्हाय. सोमवारी आलीस तर बोलायला बंदी न्हाय आता.

आणि पहिल्या पत्रातली आणखी एक गोष्ट दुरुस्त करायची राहिली. पिशवी मी फेकलीच व्हती. चांगली रस्त्यापतुर गेलती. तवा गोळीचा जोर व्हता. आता तेवढी जाणार न्हाय.

आज्जी